काटाघरातलं टर्मिनल

उद्धवरावाने खटका खाली ओढला, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा वर केला. पेटीतला पंखा घरघरला. समोरच्या टर्मिनलवर हिरवी अक्षरं उमटली, टिंबांची एक रांग कडेपर्यंत सरकली, 'आता सुरू होतंय' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली आणि संपलं. पुढे नुसता एक हिरवा ठोकळा लुकलुकत राहिला. पाऊण तास त्या ठोकळ्याचं तोंड बघून उद्धवरावाने खटका परत खाली ओढला. महिन्याभरातली ही त्याची अकरावी खेप होती.

आदिलाबादकडच्या इचोड्याबाहेर, नागपूर सडकेला लागून, वामनरावांची जिनिंग होती. कापूस यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गठाणी ट्रकवर चढायच्या. ब्याण्णव साली वामनरावांनी हैदराबादेहून संगणक आणला. ज्या मुलखात टीव्ही बघायलासुद्धा दारात गर्दी जमायची, तिथे या प्रकरणाची काय कथा! लोक गाडी तोलायला कमी आणि पेटी बघायला जास्त येऊ लागले. मुख्य पेटी कचेरीच्या मागच्या खोलीत, तिला सर्वर म्हणायचं. तिला लांब तारांनी दोन टर्मिनलं जोडलेली. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड, स्वतःची अक्कल काडीची नाही. पेटी बोलेल ते पडद्यावर दिसायचं आणि बोटं बोलतील ते पेटीला कळायचं. एक टर्मिनल पेटीशेजारी, ते उद्धवरावाचं. दुसरं अंगणापलीकडे फाटकाशी, गाड्या तोलायच्या काटाघरात. तिथे आशाबाई बसायची. आशाबाई ही उद्धवरावाची बायको.

कापसाच्या दिवसांत तो रात्रपाळीला आणि ती दिवसपाळीला. नवराबायकोची गाठ पडायची ती फाटकात, जाता-येता. म्हणून आशाला पेटीत निरोप लिहून ठेवायची सवय लागली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. डब्यात पिठलं हाय, गरम करून खाजा. कांदा घेऊन या. काल फाटकात माह्याकडे न पाहता गेले, ध्यानात ठेवलं हाय. हंगाम संपला तरी सवय सुटली नाही. तोंडाने बोलायला जड जाईल ते ती लिहायची, आणि भांडण तर हमखास लिहूनच करायची. त्यात उद्धवराव एकदाही जिंकला नाही, कारण त्याला टाइप करायला वेळ लागायचा.

सत्त्याण्णवच्या श्रावणात, एका सोमवारी, तो यंत्राचा पट्टा आणायला आदिलाबादला गेला होता. आशाला अंगात कणकण होती. दुपारीच ती काटाघरातून उठली आणि उठण्याआधी निरोप लिहून गेली. संध्याकाळी सडकेवरच्या डीपीवर वीज पडली. सर्वरमध्ये दोन डिस्का होत्या. जिच्या जोरावर पेटी सुरू व्हायची ती जळाली. जिच्यावर माणसांनी लिहिलेलं असायचं ती वाचली, पण पहिलीवाचून तिला विचारतो कोण? उद्धवराव परतला तेव्हा कचेरीत जळका वास होता आणि घरी आशा तापाने फणफणली होती.

मलेरिया डोक्यात गेला होता. आदिलाबादच्या दवाखान्याने नागपूरला पाठवलं. चौथ्या दिवशी तिला थोडी शुद्ध आली. तिने उद्धवरावाचा हात धरला.

"वाचलं का तुमी?"

क्षणभर त्याला कळेना. मग पेटीतला निरोप असेल हे ध्यानात आलं. आजारी माणसाला पेटी जळाल्याचं कशाला सांगायचं, असा त्याने विचार केला.

"हो, वाचलं."

"मंग तसं कराल ना?"

"केलंच समज," उद्धवराव म्हणाला.

आशा हसली. त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही, फक्त दाराकडे बघत राहिली. कोणी आत आलं की मान थोडी उचलायची आणि परत उशीवर टाकायची. डॉक्टरची वाट बघत असेल, असं उद्धवरावाला वाटलं. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

आता सांगा, या माणसाने काय करावं? मरत्या बायकोला शब्द दिला आणि कशाचा दिला ते ठाऊक नाही! दुःख तर होतंच, पण दुःखाला निदान बसायला जागा असते. याला ती जागाही नव्हती. घराचं गळतं छप्पर तिच्या मनात असेल म्हणून त्याने कवेलू फेरले. बासरच्या सरस्वतीचा नवस असेल म्हणून तो बासरला जाऊन नारळ फोडून आला, आणि फोडताना देवीलाच विचारलं, हेच होतं का गं? देवी काय सांगणार!

तेरवीला आशाची आई बाजारहत्नूरहून आली होती. सोजरबाई तिचं नाव. मायलेकींचं तीन वर्षांपासून बोलणं बंद होतं. आशाचं पहिलं लेकरू पोटातच गेलं, तेव्हा सोजरबाई रागाच्या भरात बोलून गेली होती, "त्या इजेच्या पेटीम्होरं बसून बसून पोर खाल्लं तुनं." आशानेही ऐकून घेतलं नाही. "मी बोलावल्याबिगर माह्या दारात पाय नको ठेवू," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली, आणि आई म्हणाली, "बोलावशीन तवाच येईन." तेरवीलाही म्हातारी उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेर निंबाखाली बसली, जेवली नाही, आणि निघताना जावयाला एवढंच विचारलं, "शेवटाले माह्यं नाव काहाडलं का तिनं?"

"नाई, शुद्धीवर आली तवाबी नाई," उद्धवराव म्हणाला. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

भाद्रपदात वामनरावांनी हैदराबादेहून मल्लेशम नावाचा इंजिनिअर बोलावला. जाड चष्मा, बोटांना सोल्डरचे चटके, स्वभावाने सरळ. जुनी डिस्क नव्या संगणकात बसत नव्हती, त्यामुळे ती वाचायची तर सर्वरच उठवायला हवा होता. मल्लेशमने वामनरावांच्या केबिनमध्ये नवा संगणक मांडला, कपाटातल्या जुन्या टेपवरून, म्हणजे मागे कधीतरी काढून ठेवलेल्या नकलेवरून, सर्वरची सगळी व्यवस्था त्याच्यात उतरवली आणि दोघांमध्ये जाळ्याची तार टाकली. घरची चूल विझली की शेजारून निखारा आणतात ना, तसं. सर्वरने आपली जळकी डिस्क सोडून तारेवरून निखारा घ्यायचा आणि पेटायचं.

निखारा यायचा. टिंबांची रांग दिसायची. आणि मग पडदा गप्प.

मल्लेशमने दोन दिवस घाम गाळला. तारेतून अक्षरं जायचा वेग बदलून पाहिला, तार बदलली, जोडणीतल्या पिना सोडून पुन्हा डागल्या, सोबत आणलेलं दुसरं टर्मिनल लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "उधर गेट पे एक टर्मिनल है ना? एक बार उसको भी चालू करके देखना पडता."

"वो बंद है," उद्धवराव म्हणाला.

"खराब है?"

"बंद है, बोला ना."

ते खराब नव्हतं. नागपूरहून आल्यावर उद्धवरावाने त्याचा प्लग काढला होता, त्याच्यावर आशाचं हिरवं लुगडं घडी करून पांघरलं होतं, काटाघराला कुलूप घातलं होतं आणि किल्ली खिशात ठेवली होती. गेलेल्या माणसाच्या जागी वर्षभर कोणी बसायचं नाही, असं त्याने सगळ्यांना बजावलं. वामनरावांनीही ते मानलं. गाड्यांची वजनं बाहेर उभं राहून कागदावर लिहिली जाऊ लागली. मल्लेशमला हे कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी दुखऱ्या माणसाशी तो वाद घालणारा नव्हता.

"लोड तो हो रा, फिर मर जा रा," तो हत्यारं आवरत म्हणाला. "बोर्ड खलास है साब. नक्को जान खपाओ."

वामनरावांनी नवा सर्वर मागवला. जुना सर्वर दसऱ्यानंतर भंगारात जाणार होता. उद्धवरावाने तेवढे दिवस मागून घेतले आणि दर दोन-तीन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, तो पेटी सुरू करून बघू लागला. "असा इमानी माणूस मिळत नाई," वामनराव लोकांना कौतुकाने सांगायचे. कसलं इमान! त्याला एक पानभर मजकूर हवा होता, बाकी जिनिंग बुडाली असती तरी त्याची हरकत नव्हती.

खंडेनवमीला जिनिंगमधलं प्रत्येक हत्यार पुसून-धुऊन पुजायची रीत होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, लिंबू. आणि पूजा झाली की त्या यंत्राने एक फेरा फिरलाच पाहिजे. पट्टा असेल तर पट्टा फिरायचा, पंप असेल तर पंप. पूजेचं यंत्र मुकं ठेवू नये, असं जयवंताबाई म्हणायची. जयवंताबाई तीस वर्षांपासून तिथे झाडलोट करत होती आणि पूजेचं ताट तिच्याच हातात असायचं. त्या दिवशी तिचा शब्द वामनरावांच्याही वर.

मागच्या खोलीत तिने सर्वरला कुंकू लावलं. "फिरवा याचा फेरा."

"मेलेलं हाय ते, जयवंताबाई."

"मेलं का जित्तं ते देव पाहीन. तुमी खटका दाबा."

उद्धवरावाने खटका वर केला. बारावी खेप. टिंबांची रांग आली, ठोकळा लुकलुकू लागला, आणि ताट पुढे निघालं. सगळी यंत्रं होईतो अर्धा तास गेला. शेवटी जयवंताबाई काटाघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"कुलूप काहाडा."

"ते राहू द्या," उद्धवराव म्हणाला.

"काऊन राहू द्या? लेकरावानी पुसत व्हती ते आशाबाई. तिच्या माघारी त्याची पूजा टाकता व्हय?"

उद्धवरावाने किल्ली काढून दिली आणि पाठ फिरवून तो फाटकाच्या खांबाला टेकला. आत लुगडं उचलल्याचं, पाणी शिंपडल्याचं त्याला ऐकू आलं. कोणीतरी प्लग खोचला.

"उद्धवराव," जयवंताबाईने हाक मारली. तिला वाचता येत नव्हतं. "इथं तर लिहून राह्यलं काईतरी."

तो आत गेला. आशाच्या पडद्यावर ओळीमागून ओळ चढत होती. पेटी बोलत होती. डिस्क तपासतेय, हा भाग ठीक, हा भाग मोडका. बोर्डाला काहीही झालं नव्हतं. ती बाराही वेळा नीट जागी झाली होती आणि बाराही वेळा इथे, लुगड्याखाली, बोलली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आणि मग त्याला आठवलं. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात आशाला सातवा महिना होता. तेव्हा वीज दिवसातून चारदा जायची, आणि पेटी पुन्हा सुरू झाली की तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला कचेरीतल्या टर्मिनलशीच जावं लागायचं. अंगणात घोटाभर चिखल. बाई घसरली तर? म्हणून त्याने स्वतःच पेटीचं बोलणं काटाघराकडे वळवून दिलं होतं. सुरुवातीची टिंबं पेटीच्या मुळातली, ती कचेरीत दिसायची, पण एकदा व्यवस्था चालू झाली की पुढचं सगळं आशाशी. लेकरू गेलं, आशा दोन महिने घरी राहिली, आणि त्याने बोलणं परत स्वतःकडे घेतलं. जुनी टेप नेमकी त्या मधल्या दिवसांतली होती. त्या टेपवरून उठलेल्या पेटीला वाटत होतं की आशाला अजून सातवा महिना आहे आणि तिला अंगण ओलांडायला लावू नये. मल्लेशमला हे सुचणं शक्य नव्हतं. ज्याने केलं तोच विसरला होता.

पडद्यावरच्या ओळी थांबल्या. पेटीने प्रश्न विचारला होता. एक फाईल सापडली आहे, तिचं नाव पुसलं गेलंय, जोडून घ्यायची का? हो की नाही? हाच प्रश्न तिने किती वेळा विचारला असेल आणि उत्तराची वाट बघताना त्याने किती वेळा तिचा गळा दाबला असेल, ते देव जाणे. खटका खाली ओढताना दर खेपेला थोडं-थोडं मोडत गेलं होतं. बऱ्याच फायली कायमच्या गेल्या.

उद्धवराव खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच वाकून त्याने 'हो'चं बटण दाबलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा हो. शेवटी नाव नसलेल्या, नुसते आकडे चिकटवलेल्या सात फायली मिळाल्या. सरकीची यादी. गाड्यांचे नंबर. पाचवी उघडली आणि त्याला तिचा आवाज ऐकू आला.

"आवो, तोंडानं सांगाले जीव होत नाई म्हनून लिहून राह्यली. ताप चार दिसापासून हाय, तुमाले सांगतलं नाई, रागावू नका. लेकरू गेलं तवा आईले मी नाई नाई ते बोलली. आता लई याद येऊन राह्यली तिची. उद्या सकाळच्या बशीनं बाजारहत्नूरले जा अन् तिले घेऊन या. म्हना, आशानं बोलावलं. तसं म्हनल्याबिगर ती यायची नाई, माह्यासारखीच हेकट हाय. ती आली का मी बरी होईन पहा. दही शिक्यावर ठेवलं हाय, मांजर येते, पहिले खाऊन घ्या."

मोठ्याने रडणारा तो माणूस नव्हता. पण त्या दिवशी तो असा रडला की जयवंताबाईने ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दोन दिवस आशा दाराकडे का बघत होती ते त्याला आता कळलं. तो 'वाचलं नाई' म्हणाला असता, तर तिने तिथल्या तिथे दोन शब्दांत सांगितलं असतं. नागपूरहून एक निरोप, एक गाडी, म्हातारी रात्रीच्या आत पोचली असती. 'केलंच समज' म्हणाला होता तो. तिला बरं वाटावं म्हणून!

छापायचं यंत्र वीज पडल्यापासून बंद होतं. त्याने पाठकोऱ्या कागदावर निरोप अक्षर न् अक्षर उतरवून घेतला, दह्यासकट.

दसऱ्याच्या सकाळी तो बाजारहत्नूरला पोचला. सोजरबाई ओसरीवर तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. तिने जावयाला पाणी दिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने कागद काढून वाचून दाखवला. 'आशानं बोलावलं' ही ओळ त्याने दोनदा वाचली आणि मग पुढचं वाचलं. म्हातारीचे हात सुपात तसेच राहिले.

"कवाचं हाय हे?" तिने विचारलं.

"तिचा ताप वाढला त्या दिवशीचं. मी वाचलं काल."



"बशीच्या कंडक्टरनं सांगतलं व्हतं मले," सोजरबाई म्हणाली. "आशाले ताप हाय, नागपूरले नेलं. मी बोचकं बांधलं. तिच्यासाठी मेथीचे लाडू केले, एक लुगडं घेतलं. पाच दिस या उंबऱ्यावर बसली. म्हनलं, आता येईन कोनी बोलवाले. बिनबोलावता कशी जाऊ? तिनंच तर म्हनलं व्हतं." तिने खुंटीकडे बघितलं. तिथे एक बोचकं टांगलेलं होतं, गाठ तशीच. "मंग सोडलंच नाई ते. हात व्हत नाई."

मग ती उद्धवरावाकडे वळली.

"जवाईबापू, एक विचारू? खरं सांगा. तिनं तुमाले विचारलं व्हतं का, वाचलं म्हनून?"

"हो."

"अन् तुमी काय म्हनलं?"

"वाचलं म्हनलो. केलंच समज, असं म्हनलो."

सोजरबाईने सूप बाजूला सारलं. तिला सगळं उमगायला थोडा वेळ लागला, आणि ते उमगताना तिच्या तोंडाकडे बघणं उद्धवरावाला झालं नाही.

"मंजे मी बोलावूनबी आली नाई, असं समजून गेली माही लेक."

"हो, आई," उद्धवराव म्हणाला.

तिने त्याला शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली. आत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, खुंटीवरचं बोचकं काढून काखेत धरलं आणि दाराला कडी घातली.

"चला."

"कुठं?"

"तिच्या घरी. बोलावलं हाय ना तिनं."

बोचकं घ्यायला उद्धवरावाने हात पुढे केला, पण तिने दिलं नाही. ती पुढे आणि तो मागे, असे दोघे बसच्या थांब्याकडे निघाले.